चोरीला गेलेले नाव आणि कायद्याची कलमे

तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे धान्याची आडत चालवून आता पेढी मुलांच्या स्वाधीन केलेल्या एका सद्गृहस्थांच्या नावे टपालाने नोटीस येते, अशी कल्पना करावी. नोटीस परराज्यातील वस्तू व सेवा कर कार्यालयाची आहे. त्यांच्या मालकीच्या अमुक फर्मने लोखंडी भंगाराची बिले फाडली, त्या बिलांवर दीड कोटी रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट पुढच्यांनी घेतले आणि माल मात्र कोठेच हलला नाही, असे तीत म्हटले आहे. गृहस्थांनी आयुष्यात भंगाराला हात लावलेला नाही. त्या राज्यात ते एकदाच, यात्रेच्या निमित्ताने, जाऊन आले आहेत. नोटिशीवरचा पॅन क्रमांक मात्र त्यांचाच आहे.

अशा वेळी घरात विचारले जाते, हे झाले कसे? वकिलाच्या कार्यालयात विचारले जाते ते वेगळेच: गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित कधीच मिळत नाही. धर्मशाळेच्या नोंदवहीत दिलेली आधारची छायाप्रत, सिमकार्डासाठी दिलेला पॅन, कर्जाच्या चौकशीसाठी व्हॉट्सॲपवर पाठविलेले कागद, यांपैकी काय कोठून फुटले हे सांगता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळू शकते, आणि पुढची दोन-चार वर्षे कशी जातील हे बरेचसे त्यावर ठरते.

ही कल्पना फार ताणलेली नाही. २०२३ साली नोएडा पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणात दुसऱ्यांच्या पॅनची माहिती वापरून अडीच हजारांहून अधिक बनावट फर्म उभारल्याचे पोलिसांनी सांगितले होते. टोळीजवळ सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या पॅनचा तपशील सापडला होता. त्याच वर्षी १६ मे ते १५ जुलै या दोन महिन्यांत देशभर झालेल्या तपासणी मोहिमेत २१,७९१ नोंदण्या अस्तित्वातच नसलेल्या व्यवसायांच्या निघाल्या. अशा फर्मच्या मालकाच्या रकान्यात कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. पुष्कळदा ते रिक्षाचालकाचे, मोलकरणीचे, शेतमजुराचे असते. कधी ते एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याचेही असते.

चोरी या गुन्ह्याची जुनी व्याख्या येथे उपयोगी पडत नाही. तिला जंगम मालमत्ता लागते, आणि ती मालकाच्या ताब्यातून हलवावी लागते. नाव हलत नाही. ते चोरल्यावरही मालकापाशीच राहते. चेकवरची सही तीच असते, दुकानावरची पाटी तीच असते. म्हणून १८६० च्या दंडसंहितेने नावाच्या चोरीचा विचारच केला नव्हता. तिने विचार केला होता तोतयेगिरीचा, म्हणजे समोर उभे राहून आपण दुसराच कोणी असल्याचे भासवून फसविण्याचा. तोतया हा शब्द मराठी इतिहासाला पानिपतानंतर चांगलाच परिचित आहे. पण पेशवाईतल्या तोतयाला निदान चेहरा होता. आजच्या तोतयाला चेहऱ्याची गरज नाही. दहा अक्षरे-अंकांचा पॅन आणि मोबाईलवर येणारा सहा आकडी ओटीपी एवढे त्याला पुरते.

ही उणीव भरून काढण्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६६-सी अमलात आले. दुसऱ्या व्यक्तीची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा अन्य कोणतेही एकमेव ओळखचिन्ह कपटाने अथवा अप्रामाणिकपणे वापरणे हा त्याचा गाभा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. त्याच्या शेजारचे कलम ६६-डी संगणक वा मोबाईलच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यासाठी आहे; शिक्षेचे माप तेच.

या छोट्या कलमातला प्रत्येक शब्द न्यायालयात तोलला जातो. 'वापरणे' हा पहिला. कोणाजवळ हजार लोकांच्या आधारच्या प्रती नुसत्या साठवलेल्या सापडल्या, तर तेवढ्याने ६६-सी लागत नाही. वापर दाखवावा लागतो. दुसरा शब्द 'कपटाने अथवा अप्रामाणिकपणे'. वडिलांच्या सांगण्यावरून मुलाने त्यांचा पासवर्ड टाकून कराचा भरणा केला तर तो या कलमाखाली येत नाही, कारण कोणाचा गैरलाभ नाही आणि कोणाची गैरहानी नाही. तिसरा शब्द 'पर्यंत'. तीन वर्षे ही कमाल मर्यादा आहे. किमान शिक्षा कलमात लिहिलेलीच नाही.

त्यात पुढची एक गोष्ट फिर्यादीला सहसा कोणी सांगत नाही. याच अधिनियमाच्या कलम ७७-बी नुसार तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, अटकही करू शकतात, परंतु जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. कलम ७७-ए नुसार तो तडजोडीनेही मिटविता येतो. अपवाद असा की पीडित व्यक्ती स्त्री अथवा अठरा वर्षांखालील मूल असेल, किंवा गुन्ह्याचा परिणाम देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर होत असेल, तर तडजोड नाही. म्हणजे एकाच घरातील पतीच्या पॅनचा गैरवापर मिटविता येईल, पत्नीच्या पॅनचा येणार नाही.

आणि चोराने त्या नावावर पाचशे रुपयांचे रिचार्ज केले काय किंवा पाच कोटींची उलाढाल केली काय, ६६-सीचे माप बदलत नाही.

अमेरिकेत हे चित्र निराळे आहे. तेथे फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांचा, आणि प्रत्येक राज्याने ओळखचोरीच्या शिक्षेला आपल्या पद्धतीने पायऱ्या घातल्या आहेत. ज्या न्यू जर्सीत इकडच्या अनेक व्यापारी घरांतील मुले स्थायिक झाली आहेत, तेथे लाभाची रक्कम पाचशे डॉलरखाली आणि पीडित एकच असेल तर गुन्हा चौथ्या श्रेणीचा, म्हणजे अठरा महिन्यांपर्यंत कैद. पाचशे ते पंचाहत्तर हजार डॉलर किंवा दोन ते चार पीडित असतील तर तिसऱ्या श्रेणीचा, तीन ते पाच वर्षे. त्याहून मोठी रक्कम किंवा पाच अथवा अधिक पीडित असतील तर दुसऱ्या श्रेणीचा, पाच ते दहा वर्षे. टेक्सासने रक्कम मोजलीच नाही; तेथे ओळखीच्या किती बाबी सापडल्या ते मोजतात. फसविण्याच्या हेतूने पन्नास वा अधिक बाबी नुसत्या जवळ बाळगल्या तरी गुन्हा सर्वोच्च श्रेणीत जातो, आणि पीडित पासष्ट वर्षांचा वा त्याहून वृद्ध असेल तर श्रेणी आणखी एक पायरी चढते. कॅलिफोर्नियाची तरतूद या सर्वांहून विचारपूर्वक म्हणावी लागेल. आपल्या नावावर दुसऱ्याने गुन्हा केला असेल, तर पीडिताला न्यायालयाकडे जाऊन आपण वस्तुतः निर्दोष असल्याचा निर्णय तातडीने मागता येतो. चोराला शिक्षा होईपर्यंत थांबण्याची त्याला गरज उरत नाही.

भारतात पायऱ्या नाहीत असे मात्र नाही. त्या आहेत, पण दुसऱ्या कायद्यात. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १३२ नुसार मालाशिवाय बिल देण्याच्या गुन्ह्यात कराची रक्कम एक कोटीहून अधिक असेल तर एक वर्षापर्यंत, दोन कोटींहून अधिक असेल तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच कोटींहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. न्यायालयाने विशेष कारणे नोंदविली नाहीत तर सहा महिन्यांहून कमी शिक्षा देता येत नाही. पाच कोटींवरचा गुन्हा अजामीनपात्र आहे. सरकारच्या पैशाला अशा तीन पायऱ्या, आणि माणसाच्या नावाला एकच! कायदा करणाऱ्यांनी असे योजून केले असे नव्हे. कायदे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मंत्रालयांत लिहिले गेले. परिणाम मात्र असा की नुसत्या ओळखचोरीची फिर्याद हलकी राहते. तिला वजन येते ते त्या नावाने पुढे काय केले गेले, हे त्याच फिर्यादीत मांडले गेले तर.

आडत्याच्या उदाहरणात हे करून पाहण्यासारखे आहे. फर्मच्या नोंदणीसाठी त्यांच्या नावाने एक सिमकार्ड काढले गेले असेल, तर दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम ४२ लागू होते. फसवणूक वा तोतयेगिरी करून सिम मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकानाचा खोटा भाडेकरार तयार केला असेल, तर फसवणुकीच्या हेतूने बनावट दस्तऐवज केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ३३६(३), सात वर्षांपर्यंत. तो खरा म्हणून कार्यालयात सादर केला, तर कलम ३४०. त्यांच्या नावाने दुसऱ्याला फसवून पैसा काढला, तर कलम ३१८(४), पुन्हा सात वर्षांपर्यंत, आणि हे कलम अजामीनपात्र आहे. तोतयेगिरीचे स्वतंत्र कलम ३१९. जुन्या संहितेत त्याला तीन वर्षे होती, नव्यात पाच झाली. आधारची नोंद बदलून मोबाईल क्रमांक फिरविला असेल, तर आधार अधिनियमाचे कलम ३५. मागे सराईत टोळी असेल, आणि मागील दहा वर्षांत तिच्याविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असतील, तर संघटित गुन्हेगारीचे कलम १११ किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते.

यांपैकी कोणती संहिता लावायची हे कृत्याच्या तारखेवर अवलंबून असते. १ जुलै २०२४ पूर्वीचे कृत्य असेल तर भारतीय दंड संहितेची जुनी ४१९, ४२०, ४६८ ही कलमे. नंतरचे असेल तर नवी. नोटीस आज आली तरी नोंदणी तीन वर्षांपूर्वीची असू शकते. पोलीस ठाण्यात घाईने चुकीची संहिता लिहिली गेली तर पुढे आरोपीच्या वकिलास तो आयता मुद्दा मिळतो.

कलमांची ही माळ जितकी लांब तितकी चांगली, असा मात्र समज करून घेऊ नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या संगणकीय माहितीच्या चोरीच्या प्रकरणात असे ठरविले की, ज्या कृत्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियम पूर्णपणे कवेत घेतो, त्याच कृत्यासाठी दंडसंहितेची ४०८ आणि ४२० ही कलमे जोडता येणार नाहीत. विशेष कायदा सामान्य कायद्यावर मात करतो. गगन हर्ष शर्मा प्रकरण म्हणून हा निर्णय वकिलांना ठाऊक असतो. त्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. अजामीनपात्र ४२० गळून पडले की उरतात ती जामीनपात्र कलमे. म्हणून फिर्यादीत एकच वाक्य पाच कलमांना टांगून भागत नाही. ओळखचिन्ह कोणत्या तारखेला कोठे वापरले हे एक कृत्य, खोटा करारनामा केला हे दुसरे, तिसऱ्या व्यापाऱ्याकडून त्या नावावर पैसा उकळला हे तिसरे. प्रत्येक कृत्य वेगळे, तारखेसह लिहिलेले हवे.

आणखी एक अडचण. पोलीस कलम १३२ लावीत नाहीत. तो खटला आयुक्तांच्या पूर्वमंजुरीने कर खाते चालविते. त्यामुळे आमचे आडते पोलिसांच्या कागदावर पीडित आणि कर खात्याच्या कागदावर संशयित, असे एकाच वेळी दोन्ही होऊन बसतात. पोलीस ठाण्यातील प्राथमिक माहिती अहवाल कर कार्यालयाकडे आपोआप जात नाही. तो स्वतः नेऊन द्यावा लागतो, आणि पोच घ्यावी लागते.

येथवर नाव खरोखरीच चोरीला गेले असे धरले. व्यापारी घरांतील अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. पुष्कळ ठिकाणी नाव चोरीला जात नाही, ते दिले जाते. दिवाणजीच्या नावाने चालू खाते, भाच्याच्या पॅनवर दुसरी फर्म, दुकानातील नोकराच्या आधारावर चार सिमकार्डे. 'आपल्यातलाच आहे, नुसते नाव वापरायचे आहे' या एका वाक्यावर हे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या झाले. नाव देणाऱ्याला क्वचित दोन-पाच हजार रुपये मिळतात, पुष्कळदा काहीच मिळत नाही. मालकाला नाही म्हणता येत नाही, एवढेच. कायद्याच्या दृष्टीने येथे बाजू उलटते. संमतीने दिलेल्या नावाचा वापर सहसा ६६-सीमध्ये बसत नाही, आणि नाव देणारा पीडित न राहता साथीदार ठरू शकतो. कट आणि समान इराद्याची कलमे त्याच्यापर्यंत पोहोचतात. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर लाभ घेणारा आणि नाव देणारा या दोघांनाही एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नोकरांच्या खात्यांत भरलेल्या जुन्या नोटा ज्यांना आठवतात, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

यातील खरा अन्याय त्या नोकराच्या वाट्याला येतो. मालकापाशी वकील असतो. चौकशीचा समन्स मात्र आधी येतो तो कागदावरच्या मालकाला, आणि कागदावर मालक असतो हमाली करणारा मनुष्य. त्याने सही कशावर केली हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला काय सांगून सही घेतली गेली हे त्याला सिद्ध करता आले, तर त्याच्या बाबतीत प्रकरण पुन्हा फसवणुकीचे होते आणि आरोपी ठरतो त्याचा मालक. पेढीत कोणाच्या नावावर काय आहे याची यादी घरच्या कर्त्याने एकदा करून पाहावी. ज्यांना ती करण्याची भीती वाटेल, त्यांनी ती आधी करावी.

आता पुन्हा त्या नोटिशीकडे. खात्यातून पैसा गेला असेल तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर आणि त्याच क्षणी बँकेस लेखी सूचना. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाचा आणि बँकेचाही दोष नसलेल्या व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोट्याची जबाबदारी येत नाही, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. पैसा गेला नसून फक्त नाव गेले असेल तर घाई थोडी कमी आणि कागद अधिक. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलेले आहे. ऑनलाइन दिलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत प्रत्यक्ष सही करावी लागते. अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ नुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात, आणि महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांनी बँकांना लाखो रुपयांची भरपाई देण्यास लावल्याची उदाहरणे आहेत. या दाराची माहिती फार थोड्यांना असते.

जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोध घेतला की त्या पॅनवर देशात कोठे कोठे नोंदणी आहे ते दिसते, आणि आपली नसलेल्या नोंदणीची तक्रार तेथूनच करता येते. एक फर्म निघाली तर दुसरीही निघण्याचा संभव असतो, म्हणून हे आधी पाहावे. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरील मोबाईल क्रमांक दिसतात. चारही पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. पडद्याची छायाचित्रे घेतली तर ती ज्या मोबाईलवर घेतली तो सांभाळून ठेवावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र त्यावाचून देणे कठीण होते.

नोटिशीचे उत्तर मुदतीतच द्यावे. 'फर्म माझी नाही' एवढे लिहून थांबू नये. मूळ नोंदणी अर्जाची आणि त्यासोबतच्या कागदांची प्रत मागावी. त्या अर्जात छायाचित्र असते, जागेचा पुरावा असतो, मोबाईल क्रमांक, ईमेल आणि बँक खाते असते. आडत्यांच्या बाबतीत पॅन त्यांचा असेल. पण छायाचित्र त्यांचे आहे का, खाते कोणत्या शाखेतले, त्यातून पैसा कोणी काढला, हे सारे त्या चार-सहा पानांतून उलगडू लागते. तपास अधिकारी पहिल्यांदा पाहतो तो मोबाईल क्रमांक. बहुधा तोही आणखी कोणा तिसऱ्याच्याच नावावर निघतो, आणि मग त्या तिसऱ्याच्या घरी पोलीस जातात.